दर दहा अंशांना टक्क

माझं काम काय आहे, हे माझ्या सख्ख्या बहिणीला अजून धड सांगता येत नाही. मिरजेत कुणी विचारलं की ती म्हणते, "आमची शैला ना, चेन्नईत लोकांच्या गच्च्यांवर काहीतरी फिरवते." ऐकणारा पुढे काही विचारत नाही. आधी मला तिचा राग यायचा. आता येत नाही, कारण याहून नेमकं उत्तर मलाही जमलेलं नाही. मी खरोखरच लोकांच्या गच्च्यांवर काहीतरी फिरवते.

नीट सांगते. हॅम नावाची एक जमात असते. हे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढतात आणि घरातल्या रेडिओवरून जगभरच्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलतात. मोबाइल असताना कशाला, असं त्यांना विचारू नका. मी एकदा विचारलं होतं, तर पाऊण तास उत्तर ऐकावं लागलं. त्यांचा अँटेना जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखाच दिसतो, फक्त एका खोलीएवढा. तो गच्चीवरच्या टॉवरच्या डोक्यावर बसवतात. ज्या दिशेला त्याचं तोंड, त्या दिशेला आवाज जोरात जातो आणि तिकडचंच नीट ऐकू येतं. जपानशी बोलायचं तर तोंड जपानकडे, केनियाशी बोलायचं तर केनियाकडे. म्हणून त्याच्याखाली एक मोटर असते, ती अँटेना फिरवते. तिला म्हणतात रोटेटर.

आता ही मोटर टॉवरवर आणि हॅम खाली खोलीत. मध्ये सहा-सात तारांची जाड केबल. आमच्या चेन्नईत समुद्राची खारी हवा त्या केबलीच्या तांब्यात शिरते, ऊन तिचं साल सोलून काढतं आणि उरलंसुरलं खारी कुरतडतात. खारींना त्यात काय चव लागते देव जाणे. म्हणून मी ती केबलच काढून टाकते. एक डबा वर मोटरजवळ, एक डबा खाली टेबलावर आणि दोघांचं बोलणं बिनतारी. खाली बटण दाबलं की वर अँटेना फिरतो आणि किती अंशांवर पोचला ते खाली कळतं. बस, एवढंच माझं काम.

चेन्नईबाहेरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात मी वीसेक वर्षं मेंटेनन्सला होते. तिथं यंत्रांचे लोखंडी हात फिरायचे, इथं अँटेना फिरतो. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर जुन्या साहेबांनी त्यांच्या गच्चीवरचं दुखणं दाखवलं, ते मी बरं केलं आणि मग एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. मी स्वतः टॉवरवर चढत नाही, माझे गुडघे तयार नाहीत. चढतो तो सेल्वम. पन्नाशीचा आहे, पूर्वी मोठमोठी होर्डिंग लावायचा. चढताना तो भक्तिगीत म्हणतो आणि उतरताना मला शिव्या देतो. "अक्का, ढिबऱ्या गंजायच्या आधी बोलवत जा ना!" दर वेळी हेच.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एकाला अमेरिकेतल्या मुलाच्या गावाशी बोलायचं होतं. मी अँटेना जवळजवळ उत्तरेला लावून दिला तर गृहस्थ भडकले. "मॅडम, अमेरिका पश्चिमेला आहे. शाळेत शिकला नाहीत का?" भिंतीवरच्या नकाशात असते हो पश्चिमेला. पण पृथ्वी गोल आहे, आणि चेन्नईहून अमेरिकेची जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अंगाने जाते. शेवटी मी त्यांच्या नातवाचा फुटबॉल आणला, त्यावर सुतळी ताणून दाखवली. तेव्हा कुठे गप्प बसले. बॉलवर मी पेनने चेन्नई लिहिली म्हणून नातू मात्र रुसला.

आणि पेरुंगुडीचा किस्सा तर माझ्याच नावावर आहे. तिथल्या एका मोठ्या सोसायटीत एक पुणेकर राहतो, आयटीतला. त्याच्या गच्चीवर मी मोठ्या दिमाखात डबा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याचा फोन. "काकू, अँटेना आपोआप फिरतोय." गेले. बघते तर खरंच, अँटेना डावीकडे, थांबला, पुन्हा डावीकडे. तासभर डोकं खाजवलं. मग सहज गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. फाटकावर वॉचमन रिमोट दाबत होता, आडवा दांडा वर जात होता आणि गाडी बाहेर पडत होती. दांडा वर गेला की अँटेना डावीकडे! त्या रिमोटचा आणि माझ्या डब्याचा सांकेतिक आकडा एकच. कारखान्यातून येताना सगळ्यांत तोच असतो, बसवणाऱ्याने बदलायचा असतो, आणि मी बाई विसरले होते. म्हणजे सोसायटीतला माणूस ऑफिसला निघाला की पुणेकराचा अँटेना त्याला टाटा करायचा. मी गुपचूप आकडा बदलला आणि "वातावरणाचा परिणाम असतो कधीकधी," असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. पुणेकराने मान्य केलं नाही. पुणेकरच तो.

पण मला खरं सांगायचंय ते राव मामांबद्दल.

स्वामीनाथ राव अण्णा नगरला राहतात. घराणं तंजावरकडचं, मराठी. त्यांची मराठी ऐकली तेव्हा पहिली पाच मिनिटं मला वाटलं, तमिळच बोलतायत. चाल सगळी तमिळ, शब्द मात्र आपले, तेही पणजोबांच्या काळातले. वय शहात्तर. ऐन तिशीत काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. पुढे एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली आणि त्याच काळात हॅम झाले. चाळीस वर्षं रोज रेडिओवर. हॅम लोकांची जगातल्या देशांची आणि बेटांची एक यादी असते. यादीतल्या प्रत्येक ठिकाणच्या माणसाशी एकदा तरी बोलायचं, हा त्यांचा ध्यास. राव मामांची सगळी यादी झालेली. राहिलं होतं एकच बेट, तिकडे दक्षिण अटलांटिकमध्ये. तिथं बर्फ आहे, पेंग्विन आहेत आणि बोलायला कुणी नाही. कित्येक वर्षांतून कधीतरी काही हॅम जहाजातून तिथं जातात, तंबू ठोकतात, थोडे दिवस जगाशी बोलतात आणि परत फिरतात. मागच्या खेपेला मामा इस्पितळात होते.

गेल्या डिसेंबरात वादळ झालं, त्यात त्यांच्या गच्चीवरची केबल तुटली. अँटेना समुद्राकडे तोंड करून अडकला. आणि त्या बेटावर हॅमची टोळी चालली होती, दहा दिवसांसाठी. त्यांच्या सुनेचा, पद्मिनीचा मला फोन आला. पद्मिनी शाळेत शिकवते, बोलायला गोड आणि मुद्द्याची.

मी गेले तेव्हा मामा दारातच उभे होते. म्हणाले, "बाई, मज घाई आहे. पुढल्या खेपेस मी असेन असे वाटत नाही."

हे ते हसत हसत म्हणाले. मी ठरवलं, यांना माझ्याकडचं सगळ्यात भारी द्यायचं. जुना डबा टेबलावर होता, रेडिओच्या शेजारी. लोखंडी, अवजड, काटा अडकलेला, आणि फिरवला की टक्क टक्क आवाज करणारा. तो उचलून मी बाजूला केला. त्या जागी माझा नवा डबा ठेवला. पुस्तकाएवढा, देखणा, आणि आवाज म्हणाल तर शून्य. अंश मोबाइलच्या पडद्यावर दिसतात, मोठ्या हिरव्या आकड्यांत. सेल्वमने वरचं काम एका दिवसात उरकलं. मी बटण दाबलं, वर अँटेना लोण्यासारखा फिरला. "बघा मामा, आवाजसुद्धा नाही!" मी म्हटलं.

आता वाचताना तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं. पडदा, आकडे, आवाज नाही, आणि हे सगळं मी एका आंधळ्या माणसाला कौतुकाने दाखवत होते. मामा म्हणाले, "सरी, बरं आहे." मी खूश होऊन जुना डबा घेऊन निघाले आणि वाटेत भंगारवाल्याकडे टाकून दिला. त्याचंही मला कौतुक, की गिऱ्हाइकाच्या घरातली अडगळ मी माझ्या हाताने कमी केली.

टोळी बेटावर पोचली, रेडिओवर आली. तिसऱ्या दिवशी पद्मिनीचा फोन. "ताई, अप्पा रेडिओला हातच लावत नाहीत. नुसते बसतात."

मला आधी रागच आला. माझ्या डब्यात खोट? तणतणत गेले. डबा तपासला, एकदम ठणठणीत. "मामा, चालतोय की व्यवस्थित! पद्मिनी आकडा वाचून सांगेल तुम्हाला."

"सांगते ती," मामा म्हणाले. "काल सांगितलं तिने. दोनशे पंधरा, अप्पा. मी ऐकलं आणि बंद केलं."

"का पण?"

"चाळीस वर्षं सगळी ठिकाणं मीच शोधली हो. शेवटचं तेवढं सुनेच्या डोळ्यांनी?" मग मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "जुना डबा दर दहा अंशांना टक्क करायचा. मी टक्क मोजायचो. उत्तरेपासून एकवीस टक्क आणि वर थोडं, की ते बेट. तुमचा डबा फार सज्जन आहे, बाई. काहीच बोलत नाही."

काय सांगू, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वीस वर्षं कारखान्यात, एवढी वर्षं गच्च्यांवर, आणि मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला नव्हता, की मामा, तुम्ही फिरवता कसं? एवढं विचारलं असतं तर तो डबा भंगारात गेला नसता. भंगारवाल्याकडे धावले. त्याने तो कधीच फोडून तांबं वेगळं काढलं होतं.

मग मला सुचलं ते असं, की मोबाइललाच बोलायला लावू. दोन तासांत केलं. एक बाई इंग्रजीत आकडे सांगू लागली, वन ट्वेंटी, वन थर्टी. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "फार छान. पण ही बोलत असता ते बेटही बोलत असले तर मी कोणाचे ऐकू?" बरोबरच होतं. तिथला आवाज इतका बारीक येतो की पंखासुद्धा बंद करावा लागतो. त्यात ही बया कशाला?

तेव्हा टक्कच हवा. टक्क कानाला अडवत नाही. मी रिची स्ट्रीटला गेले. तिथं इलेक्ट्रॉनिक्सचं जे मिळत नाही ते जगात बनलंच नाही असं मानायचं. सात जुने रिले घेऊन आले. रिले म्हणजे विजेने उघडझाप करणारा स्विच, उघडझाप करताना तो टक्क करतो. सातही मामांच्या टेबलावर मांडले आणि एकेक वाजवून दाखवला. मामा मान तिरकी करून ऐकत होते, लग्नाची साडी निवडावी तसे. "हा फार किरटा. हा दोनदा बोलतो. हा… पुन्हा करा. हा. याला वजन आहे." पाचवा पास झाला. तो मी नव्या डब्यात बसवला. दर दहा अंशांना एक टक्क, उत्तरेला लागोपाठ दोन. मला वाटलं, सुटले.

मामांनी बटण दाबलं, अर्धा फेरा ऐकला आणि म्हणाले, "तुमचा टक्क उशिरा येतो, बाई."

"कसा येईल उशिरा?"

"वर अँटेना थांबतो तेव्हा टॉवर जरासा हुंकार देतो, तो भिंतीतून येतो इथवर. त्याच्यानंतर टक्क आला."

मी भिंतीला कान लावला. मला भिंतच ऐकू आली. पण तपासलं तर म्हातारा बरोबर होता. वरचा डबा सेकंदातून एकदाच खाली निरोप पाठवत होता. सेकंदाभरात अँटेना सहा अंश पुढे गेलेला असतो. डोळ्यांनी बघणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाने आजवर ही तक्रार केली नव्हती. मी मांडी ठोकून तिथंच बसले आणि निरोपांचा वेग वाढवत नेला. पद्मिनीने दोनदा कॉफी दिली. सेल्वम तीनदा वर चढला, आणि उतरताना त्याने जे काही म्हटलं ते ऐकून मामा खुदकन हसले, म्हणजे त्यांना सगळं ऐकू आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा म्हणाले, "आता ठीक. आता तो आणि मी बरोबर आहोत."

यात आठवा दिवस आला. त्या संध्याकाळी मामा बसले, दोनशे पंधरावर. बेटाचा आवाज येत होता, पण त्याच्यावर अर्ध्या जगाचा गलका. सगळे एकदम आपापली खूण, म्हणजे परवान्यावरचा अक्षरा-आकड्यांचा संकेत, ओरडत होते. मामा तीन तास हाका मारत राहिले. नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा. नाहीच. आणि त्या रात्री बातमी आली की समुद्र बिघडतोय, जहाज थांबायला तयार नाही, उद्या सकाळी टोळी तंबू उचलणार.

मी सकाळी सहालाच त्यांच्याकडे हजर. माझं तिथं काही काम नव्हतं, पण घरात पाय ठरेना. मामा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून रेडिओसमोर बसलेले. आम्हाला ऐकू यावं म्हणून त्यांनी कानावरचे हेडफोन काढून स्पीकर चालू केला होता. पद्मिनीने माझ्या हातात गरम पोंगलची, म्हणजे मिरी घातलेल्या मुगाच्या खिचडीची, बशी दिली. मी मोबाइल मांडीवर ठेवला. पडद्यावर दोनशे पंधरा, आदल्या संध्याकाळचेच. फिरवायची गरजच नव्हती.

तेवढ्यात टक्क झालं.

मी पाहिलं. दोनशे दहा. टक्क, दोनशे. टक्क, एकशे नव्वद. मामा अँटेना फिरवत होते, आणि फिरवतच होते. एकशे वीस झाले, नव्वद झाले. मोजणी चुकली यांची! नाहीतर माझ्या डब्याने एखादा टक्क खाल्ला आणि यांना वाटतंय अँटेना भलतीकडेच आहे. अँटेना पस्तीस अंशांवर जाऊन थांबला, म्हणजे बेटाच्या अगदी उलट, पाठ करून. शेवटची सकाळ, शेवटचा तास, आणि हा माणूस माझ्यामुळे बेटाकडे पाठ करून बसलाय. आणि मग मामांनी तोंडाजवळ माईक ओढला आणि हाक मारली. एकदा. थांबले. दुसऱ्यांदा.

स्पीकरमधून नुसती खरखर. गलका नव्हता. आणि त्या खरखरीतून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एका माणसाचा आवाज आला. त्याने मामांची खूण म्हटली. पूर्ण, एकेक अक्षर, आणि पुढे "फाइव्ह नाइन", म्हणजे तुमचा आवाज पोचला.

मामांचा आवाज जराही हलला नाही. "फाइव्ह नाइन. थँक यू." चार सेकंदांत चाळीस वर्षांचं काम झालं. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पद्मिनी जाऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. मीही रडले, लपवत नाही.

नंतर त्यांनी मला समजावलं. गोल पृथ्वीवर कुठल्याही गावाला दोन वाटा असतात, एक जवळची आणि एक तिच्या बरोबर उलट, सगळ्या जगाला वळसा घालून जाणारी. सूर्य उगवता-मावळताना कधीकधी ती लांबची वाट उघडते. आमच्या भागातले बाकीचे सगळे जवळच्या वाटेवर गर्दी करून होते. "मघाशी मज दोनशे पंधरावर त्याचा आवाज जरा घुमून आल्यासारखा वाटला," मामा म्हणाले. "म्हटलं, हा मागून येतोय." हे मला कुठल्या पडद्यावर दिसणार होतं?

मग त्यांनी विचारलं, "बाई, मोबाइल तुमच्या हाती होता. मी उलटा फिरवतोय हे दिसत होते ना?"

"दिसत होतं."

"तरी बोलला नाहीत?"

"नाही."

"बोलला असतात तर मी ऐकले असते हो," मामा म्हणाले. "घाबरलो होतो मी. परत फिरवला असता आणि बेट गेले असते." आणि मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्या कानांवर इतका विश्वास कोणीच टाकला नाही."

मी काहीच बोलले नाही. घरी आले तरी बोलले नाही, आमच्या ह्यांनाही सांगितलं नाही. तेव्हापासून मामा भेटेल त्याला हेच सांगतात, रेडिओवर जपानलाही सांगतात, आणि मला दर वेळी चोरट्यासारखं होतं. आता हा लेख आपल्या चेन्नईच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात छापून आला की पद्मिनी तो त्यांना वाचून दाखवणारच. तेव्हा पद्मिनी, एवढं शेवटचं जरा मोठ्याने वाच.

राव मामा, मी ओरडणारच होते. "मामा, उलटं!" हे शब्द अगदी जिभेवर होते. पण माझ्या तोंडात पोंगलचा गरम घास होता, त्यात मिरीचा अख्खा दाणा दाताखाली आला, मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझा आवाज परत येईपर्यंत तुम्ही हाक मारून मोकळे झाला होतात.